टँकर सगळ्यात शेवटी : दिवसाआडच्या पाण्यावर इमारत चालवण्याची पद्धत

नगरपरिषदेचे पाणी दिवसाआड झाले की कोकणातल्या बहुतेक इमारतींतून पहिला फोन टँकरवाल्याला जातो. टाकी किती लिटरची, नळाला पाणी किती येते, गळती कुठे आहे आणि विहिरीचे पाणी कोणत्या कामाला चालेल, हे प्रश्न टँकर रिकामा होऊन गेल्यावर निघतात आणि जूनमध्ये हिशेब मांडताना त्यांचीच भांडणे होतात. पुढचे टप्पे रत्नागिरीतल्या आमच्या बारा सदनिकांच्या इमारतीचे पाणी सांभाळताना, बऱ्याच चुका करून, बसवलेले आहेत. आकडे आमच्या टाकीचे आहेत; वाचकांनी त्या जागी आपले आकडे घालावेत, मात्र टप्प्यांचा क्रम बदलू नये.

पूर्वतयारी : मार्चचा पहिला पंधरवडा

जांभ्याचा कातळ पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे तीन हजार मिलिमीटर पाऊस झेललेल्या गावातही मार्चपासून विहिरी उतरू लागतात. शीळ आणि पानवल धरणांच्या पाणीसाठ्याच्या बातम्या एप्रिलमध्ये येतात, पण तेव्हा प्लंबर मिळत नाही. म्हणून मोजमापाचे सगळे काम मार्चमध्येच उरकावे.

हाताशी असावे असे साहित्य थोडके आहे : मोजपट्टी, २० लिटरची बादली, बांबूची सरळ काठी, ऑइलपेंटची लहान डबी, जाड पुठ्ठ्याची वही, टीडीएस मीटर (लिटरभर पाण्यात किती मिलिग्रॅम क्षार विरघळले आहेत ते दाखवणारे), क्लोरीन तपासण्याचे ओटी द्रावण आणि घट्ट झाकणाच्या डब्यात टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर.

पडताळा : पाणीपट्टीची थकबाकी आहे का, ते आधी पाहावे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपत असल्याने वसुलीची मोहीम आणि नळजोडणी तोडण्याच्या नोटिसा नेमक्या याच महिन्यात येतात. ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर तुटलेला नळ पुन्हा जोडून घेण्यात आठवडे जाऊ शकतात.

टप्पा १ : टाकी मोजून काठीवर खुणा करणे

टाकीवर किंवा नकाशावर लिहिलेल्या क्षमतेवर विसंबू नये. चौकोनी टाकीची आतली लांबी, रुंदी आणि पाण्याची कमाल उंची फुटांत मोजून तिन्हींचा गुणाकार करावा आणि त्याला २८.३ ने गुणावे, म्हणजे लिटर मिळतात. आमची जमिनीखालची टाकी १२ फूट लांब, ८ फूट रुंद आणि ५ फूट खोल आहे. ते ४८० घनफूट, म्हणजे सुमारे १३,६०० लिटर होतात. बिल्डरने दिलेल्या कागदावर ती १५,००० लिटरची होती.

खरा उपयोगाचा आकडा मात्र एका इंचाला किती लिटर हा आहे. आमच्या टाकीत एक इंच पाणी म्हणजे ८ घनफूट, अर्थात २२६ लिटर. बांबूच्या काठीवर तळापासून दर इंचाला बारीक आणि दर सहा इंचांना जाड पट्टा रंगवावा. पांढऱ्या रंगापेक्षा लाल रंग बरा, कारण टाकीच्या तोंडाशी बॅटरीच्या उजेडात ओल्या बांबूवर पांढरा पट्टा चमकून दिसेनासा होतो. काठी नेहमी एकाच कोपऱ्यात, सरळ उभी टेकवावी. तिरकी काठी पाणी जास्त दाखवते.

सावधान : मोजण्यासाठी किंवा साफसफाईसाठी बंद टाकीत कोणीही एकट्याने उतरू नये. बराच काळ झाकलेल्या टाकीत प्राणवायू कमी असू शकतो. झाकण आदल्या दिवसापासून उघडे ठेवावे, पंपाचा मेन स्विच बंद करावा आणि वर एक माणूस उभा असावा.

टप्पा २ : येणारे पाणी मोजणे

पाणी "दीड तास येते" या वाक्याला हिशेबात किंमत नाही, कारण त्यातला अर्धा तास दाब नसतो. टाकीत पडणाऱ्या नगरपरिषदेच्या नळाखाली बादली धरून ती किती सेकंदांत भरते ते तीन वेळा पाहावे : पाणी सुटल्यावर पंधरा मिनिटांनी, मध्ये आणि जायच्या सुमारास. आमच्याकडे २० लिटरची बादली सरासरी २४ सेकंदांत भरते. मिनिटाला ५० लिटर आणि दाबाचा खरा वेळ एक तास धरला, तर एका पाळीला ३,००० लिटर मिळतात. असे मोजमाप निदान चार पाळ्यांचे करावे. चढावरच्या इमारतीला आणि बाजारपेठेतल्या इमारतीला एकाच व्हॉल्ववरून सारखे पाणी येत नाही, म्हणून शेजाऱ्याचा आकडा उसना घेऊ नये.

सावधान : नळाच्या लाइनला थेट मोटर जोडू नये. ते बेकायदा आहे आणि पकडल्यास मोटर जप्त होते, हे सर्वांना माहीत असते. माहीत नसते ते असे की ओढ लागली की रस्त्याखालच्या पाइपाच्या फटींतून गटाराचे पाणीही आत येते, आणि ते सर्वात आधी मोटर लावणाऱ्याच्याच टाकीत पडते. पंप लावायचा तो टाकीतून वर चढवण्यासाठी.

टप्पा ३ : गळती शोधणे

ही पायरी वगळून नवीन टाकी घेणाऱ्यांची संख्या मोठी आहे. गळक्या घरात जास्त साठवण म्हणजे जास्त गळती, एवढाच त्याचा परिणाम होतो.

रात्री अकरा वाजता गच्चीवरच्या टाकीची पातळी खडूने आखावी, पंप बंद ठेवावा आणि पहाटे पाचला पुन्हा पाहावे. रात्रीतून चार-पाच माणसे उठतात, तेवढा फरक धरून उरलेली घट ही गळती. ती बहुतेक वेळा नळांत सापडत नाही, संडासाच्या फ्लशच्या टाकीत सापडते. त्या टाकीत खाण्याचा रंग चिमूटभर टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला, तर आतला रबरी वायसर गेलेला आहे. दुसरे ठिकाण म्हणजे गच्चीचा ओव्हरफ्लो. बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता गोळा, अडकला की पंप चालू असेपर्यंत पाणी पन्हळीतून मागच्या आळूत जाते आणि कोणाला पत्ता लागत नाही. आमच्याकडे फेब्रुवारीतही हिरवेगार दिसणारे आळूच शेवटी साक्षीदार ठरले.

टप्पा ४ : गरज ठरवणे

शहरी पाणीपुरवठ्यासाठी दरडोई दररोज १३५ लिटर हे प्रमाण धरतात. टंचाईत ते चालत नाही. आम्ही ९० लिटर धरतो : पिणे आणि स्वयंपाक १०, अंघोळ २०, कपडे २०, भांडी १२, संडास २३ आणि फरशी ५. हे प्रमाण काटकसरीचे आहे, पण त्यात हाल नाहीत. साठ लिटरचा फतवा काढणाऱ्या इमारतींत लोक चोरून पाणी भरतात आणि मग कोणताच हिशेब जुळत नाही.

आमच्या ३८ माणसांना दिवसाला ३,४२० आणि दोन दिवसांना ६,८४० लिटर लागतात. नगरपरिषदेचे ३,००० वजा जाता दोन दिवसांची तूट ३,८४० लिटर.

सर्वात मोठी चूक इथे होते, ती म्हणजे मे महिना विसरणे. चाकरमानी घरी येतात ते नेमके पाणी नसताना. एका पाहुण्याची एक रात्र म्हणजे ९० लिटर. लग्न, मुंज किंवा आंब्याच्या पेट्या न्यायला आलेले जावई-मुली यांची अंदाजी संख्या घराघरांतून एप्रिलमध्येच घ्यावी. विचारायला संकोच वाटतो, पण नंतर "तुमच्याकडे आठ माणसे होती" असे ऐकवण्यापेक्षा आधी विचारणे सभ्यपणाचे असते.

टप्पा ५ : पाण्याचे दोन वाटे करणे

वरच्या ९० लिटरपैकी फक्त १० लिटर पाणी पिण्याच्या दर्जाचे लागते. उरलेल्या ८० लिटरना विहिरीचे पाणी चालू शकते, आणि ही सोय असूनही ते दोन्ही एकाच टाकीत ओतणाऱ्या इमारती पिण्याचे पाणीही बिघडवून घेतात. शक्य असल्यास गच्चीवर विहिरीच्या पाण्याची वेगळी टाकी बसवून ती संडास आणि बाहेरच्या मोरीच्या नळांना जोडावी. ते शक्य नसेल, तर नगरपरिषदेचे पाणी सुटल्यावर प्रत्येक घराने पिण्याचे पाणी थेट नळावरून हंडा-कळशीत भरून घ्यावे आणि मगच टाकीचा नळ उघडावा.

किनाऱ्याजवळच्या विहिरींची एक खोड आहे. गोडे पाणी समुद्राच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीच्या दिशेने १ फूट उतरली, तर खालचे खारे पाणी ढोबळ नियमाने ४० फुटांपर्यंत वर सरकू शकते. म्हणून मोठा पंप लावून तासभर उपसा केला की विहीर कोरडी पडायच्या आधीच पाणी मचूळ होते, आणि एकदा मचूळ झालेली विहीर पाऊस लागेपर्यंत सुधारत नाही. आमच्या विहिरीचे टीडीएस मार्चमध्ये ३५० असते. एका वर्षी लग्नासाठी सलग उपसा केला आणि ते चार दिवसांत ९०० वर गेले. त्या मे महिन्यात डाळ शिजेना.

तेव्हापासून सकाळी २० मिनिटे आणि संध्याकाळी २० मिनिटे अशीच मोटर चालते. मिनिटाला ३० लिटरप्रमाणे दिवसाला १,२०० लिटर मिळतात. दोन दिवसांच्या ३,८४० लिटरच्या तुटीतून २,४०० लिटर भागतात आणि १,४४० उरतात. महिन्याच्या पंधरा पाळ्यांचे ते २१,६०० लिटर होतात, म्हणजे १०,००० लिटरचे दोन टँकर आणि पाहुण्यांसाठी आणखी एक. मोजमाप सुरू करण्यापूर्वी आम्ही मे महिन्यात आठ टँकर घेत होतो.

पडताळा : विहिरीचे टीडीएस रोज एकाच वेळी, मोटर बंद करायच्या आधी मोजून वहीत लिहावे. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २,००० पर्यंत मुभा आहे. आकडा सलग तीन दिवस चढत राहिला, तर उपसा निम्मा करावा.

सावधान : टीडीएस मीटर फक्त विरघळलेले क्षार दाखवते. "मीटरवर २०० आले, म्हणजे पाणी शुद्ध" हा समज घातक आहे, कारण जंतू मीटरला दिसत नाहीत. याच्या उलट, पाणी उकळल्याने जंतू मरतात पण खारेपणा जात नाही. वर्षातून एकदा विहिरीचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत द्यावा.

साठवणीच्या पिंपांबद्दल एकच गोष्ट. डेंग्यूच्या डासाची अंडी पिंपाच्या आतल्या कडेला, पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात. आठवड्यातून एकदा पिंप नुसते रिकामे करून भागत नाही, ते आतून काथ्याने घासावे लागते. पिण्याच्या भांड्यात हात बुडू नये म्हणून लांब दांड्याचे ओगराळे ठेवावे.

टप्पा ६ : टँकर घेणे

आता टँकर. बोलावताना तीन गोष्टी फोनवरच विचाराव्यात : पाणी कुठे भरले जाते, टँकर किती लिटरचा आहे आणि पावतीवर लिटर व गाडीचा क्रमांक लिहून मिळेल का. पहिल्या प्रश्नाला उत्तर टाळणाऱ्याकडून फक्त वापराचे पाणी घ्यावे.

जागा असल्याशिवाय टँकर मागवू नये. आमच्या टाकीत १०,००० लिटर म्हणजे ४४ इंच. काठीवर पाणी १६ इंचांवर आले की वर ४४ इंचांची रिकामी जागा होते. त्याआधी बोलावला, तर शेवटचे हजार लिटर रस्त्यावर जातात किंवा परत जातात, पैसे मात्र पूर्ण द्यावे लागतात. लहान टाकी असणाऱ्यांनी शेजारच्या इमारतीबरोबर एक टँकर वाटून घ्यावा.

टँकर आल्यावरचा क्रम असा ठेवावा. प्रथम वरचा पंप बंद करावा आणि नगरपरिषदेचा नळही बंद करावा, नाहीतर मोजमापाला अर्थ राहत नाही. मग काठी बुडवून पातळी वाचावी आणि चालकासमोर वहीत लिहावी. रस्त्यावरून ओढत आणलेल्या पाइपाचे तोंड धुऊन घ्यावे. ते टाकीतल्या पाण्यात बुडू न देता तोंडाशी धरावे. पहिली बादली भरून रंग आणि वास पाहावा, टीडीएस मोजावे. पाणी नापसंत असेल, तर ते याच क्षणी सांगायचे असते, टाकीत मिसळल्यावर नाही. टँकर रिकामा झाल्यावर पाच मिनिटे थांबावे, पाणी स्थिर होऊ द्यावे आणि पुन्हा काठी वाचावी.

पहिल्यांदा हे केले तेव्हा काठीवर ४४ ऐवजी ३७ इंच भरले, म्हणजे सुमारे ८,३६० लिटर. माझा आवाज चढला. चालकाने शांतपणे टँकरच्या मागे नेऊन दाखवले : आमच्या उतारावर गाडीचे तोंड खाली आणि पाणी सोडायचा व्हॉल्व मागे, वर होता, पुढच्या बाजूचे पाणी बाहेर येणेच शक्य नव्हते. पुढच्या खेपेला गाडी उलटी लावली आणि ४३ इंच मिळाले. तेव्हा कमी भरण्याचे कारण दरवेळी लबाडीच असते असे नाही, पण काठी नसती तर पाणी कमी भरले हे आणि त्याचे कारण, दोन्ही आम्हाला कळले नसते. हिशेबासाठी टँकरचा दर २,००० रुपये धरला, तर १०,००० लिटर मिळाल्यास हजार लिटरला २०० रुपये पडतात आणि ८,३६० मिळाल्यास २३९.

टप्पा ७ : टीसीएल टाकणे

टँकरचे किंवा विहिरीचे पाणी टाकीत आले की त्याच दिवशी निर्जंतुकीकरण करावे. हजार लिटरला ५ ग्रॅम हे नेहमीचे प्रमाण आहे. १०,००० लिटरला ५० ग्रॅम. एकदा काट्यावर तोलून एखाद्या प्लास्टिकच्या डबीवर खूण करून ठेवली, की दरवेळी तोलावे लागत नाही.

पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करावी, मग बादली पाऊण भरावी, दहा मिनिटांत चुना खाली बसू द्यावा आणि वरचे निवळ पाणी तेवढे टाकीत ओतावे. निदान अर्धा तास ते पाणी वापरू नये. नंतर इमारतीतल्या सर्वात लांबच्या नळाचे पाणी परीक्षानळीत घेऊन ओटी द्रावणाचे थेंब टाकावेत. फिकट पिवळा रंग यायला हवा. लांबच्या नळालाही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन असावा. रंग आलाच नाही, तर बहुधा पावडर मेलेली असते. कोकणातल्या दमट हवेत उघडी पिशवी काही आठवड्यांत निकामी होते, म्हणून लहान पाकिटेच घ्यावीत.

सावधान : टीसीएल आणि संडास साफ करण्याचे ॲसिड एका कपाटात ठेवू नये, दोन्ही एकत्र आल्यास विषारी वायू सुटतो. तपासणीनळीतले पाणी पिऊ नये.

टप्पा ८ : पैसे गोळा करणे आणि वाटणे

पैसे मार्चमध्ये जमवावेत. दर सदनिकेकडून ठरावीक आगाऊ रक्कम पाण्याच्या खात्यात घ्यावी आणि टँकरचे पैसे त्यातूनच, पावतीवर, आठवड्याला एकदा द्यावेत. ज्याच्या हाताला टँकर लागला त्याने चालकाला रोख दिले आणि नंतर वसूल करत फिरला, ही पद्धत एका उन्हाळ्यापेक्षा जास्त टिकत नाही.

वाटणी कशी करायची, याचे उत्तर आधी कागदात शोधावे. सहकारी गृहनिर्माण संस्था असल्यास आदर्श उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार प्रत्येक सदनिकेतल्या नळजोडांची संख्या व आकार यांवर ठरतो. आपल्याकडे बऱ्याच इमारती १९७० च्या अपार्टमेंट कायद्याखालच्या असतात. तिथे सामाईक खर्च घोषणापत्रातल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने विभागला जातो. गच्चीवरच्या बैठकीत हात वर करून वेगळी पद्धत ठरवली आणि एकाने नंतर नकार दिला, तर ती टिकत नाही. म्हणून वेगळी पद्धत हवी असल्यास सर्व सदनिकाधारकांची लेखी संमती घ्यावी आणि इतिवृत्तात नोंद करावी.

आम्ही अशी संमती घेतली, कारण बारापैकी तीन घरे मुंबईकरांची आणि दहा महिने कुलूपबंद असतात. "आम्ही पाणी वापरलेच नाही" हे त्यांचे म्हणणे खरे आहे. टाकी, पंप आणि विहीर त्यांच्यासाठीही राखली जाते हेही तेवढेच खरे आहे. त्यामुळे निम्मा खर्च सर्वांवर समान आणि निम्मा माणूस-रात्रींवर बसवला जातो. समजा मे महिन्यात तीन टँकरचे ६,००० रुपये झाले. त्यातले ३,००० बारा घरांत वाटले की घरटी २५० येतात. उरलेल्या ३,००० साठी राहत्या ३८ माणसांच्या ३० रात्री, म्हणजे १,१४०, आणि पाहुण्यांच्या १२० अशा १,२६० रात्री धरल्या. रात्रीला २ रुपये ३८ पैसे पडतात. महिनाभर राहिलेल्या चार माणसांच्या घराला २५० अधिक २८६, असे ५३६ रुपये आले. कुलूपबंद घराला २५०. पाहुण्यांच्या रात्री ज्याने त्याने स्वतः लिहायच्या, कोणी कोणाची मोजायची नाहीत. थोडी कमी लिहिली जातात, ते चालवून घ्यावे.

पडताळा : पंपाच्या विजेचे बिल या हिशेबात धरायला विसरू नये. १ एचपीचा पंप तासाला एक युनिटच्या आसपास वीज खातो. बिल एकाएकी वाढले, तर फूट व्हॉल्वमधून (पंपाच्या ओढपाइपाच्या तळाची झडप) पाणी परत उतरत असण्याची शक्यता तपासावी.

टप्पा ९ : पाऊस लागल्यावर

मृगाचा पाऊस लागला म्हणजे टंचाई संपली, असे धरून चालू नये. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक दिवस वीज नव्हती, त्यामुळे विहिरी असूनही पंप बंद होते. मेअखेरीस गच्चीवरची टाकी भरलेली ठेवावी आणि विहिरीवरचा जुना रहाट भंगारात देऊ नये.

पहिल्या दोन-तीन सरींचे छपरावरचे पाणी विहिरीत सोडू नये. त्यात पालापाचोळा, पक्ष्यांची विष्ठा आणि उन्हाळाभराची धूळ असते. विहिरीचे पाणी लालसर झाले की ते निवळेपर्यंत पिण्यासाठी वापरू नये आणि निवळल्यावर टीसीएल टाकावे. १० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे २,२२० लिटर. आठ फूट पाण्याला ९० ग्रॅमच्या आसपास पावडर लागते.

नगरपरिषदेचे पाणी रोजचे झाल्यावर आठवडाभराने जमिनीखालची टाकी रिकामी करून घासून घ्यावी. तळाशी टँकरच्या गाळाचा थर बसलेला असतो. त्याची जाडी काठीने मोजून वहीत लिहावी, कारण पुढच्या वर्षी टँकर कोणाचा घ्यायचा हे ठरवताना ती उपयोगी पडते. मग खाते बंद करून शिल्लक परत करावी आणि काठी वाळवून मीटरच्या खोलीत उभी ठेवावी. आडवी ठेवलेला बांबू पावसाळ्यात वाकतो.